फोटोखालचं नाव

मी अंगठा नावावर ठेवला. वर्तमानपत्रातल्या फोटोखाली बारीक अक्षरात एका बाईचं नाव आणि गाव छापलेलं होतं. ते मी वाचलं होतं. मिठागरावरच्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"मास्तरणी, नाव काय लिवलंय?"

"नाव नाही दिलेलं," मी म्हणाले. "मुंबईतल्या मोलकरणीने मालकिणीचे दागिने चोरले, एवढंच आहे."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण असं काही नाही. सांगते.

माझं माहेर पनवेलचं, म्हणून चौथीपर्यंत शाळा झाली. लग्न होऊन खाडीकाठच्या गावात गेले, तर तिथे वाचता येणारी बाई मी एकटी. नवरा मिठाची गाडी घेऊन पनवेलच्या बाजारात जायचा आणि वाण्याकडून शिळं वर्तमानपत्र आणायचा. दुपारी भाकरी खाऊन झाली की मिठागराच्या मांडवात मी ते मोठ्याने वाचायची. तेवढा वेळ मी कुणीतरी असायची. एरवी काय होते? डोक्यावर मिठाची टोपली, बाकीच्यांसारखीच.

यमुना आमच्या शेजारची. मुंबईत एका घरी कामाला होती. लग्न ठरलं म्हणून काम सोडून परत आली. एका दुपारी माझं वाचन ऐकता ऐकता म्हणाली, "आमच्या शेठाणीकडं पेटी हाय. ती आपली आपण बातम्या बोलते. अडखळत पन नाय." सगळ्या हसल्या. मीही हसले. थट्टाच होती ती. पण मला लागली — किती लागली ते मलाही तेव्हा कळलं नाही.

मग तो फोटो आला. दोन पोलीस, मधे एक बाई, तोंडावर पदर. शाई पसरलेली, नुसते काळे ठिपके. यमुना त्या दिवशी मिठागरावर नव्हती. आमच्यातल्या काशीकाकीने कागद डोळ्यांशी नेला. "अगो बाय! ही तं आपली यमी!"

"हाय की! मान बघ, तशीच वाकडी."

"म्हनून काम सोडून पळून आली. आनि आमाला सांगते लगीन!"

त्यांना तसं दिसलं, यात त्यांचा काय दोष? ठिपक्यांत माणूस आपल्याला हवं ते बघतो. मग कागद माझ्याकडे आला, आणि मी अंगठा ठेवला. 'ही यमुना आहे' असं मी म्हणाले का? नाही. पुढे कित्येक वर्षं मी याच शब्दांच्या आधाराने झोपले — मी कुठे म्हणाले? संध्याकाळी तो कागद चुलीत घातला, तेही मीच.

बातमी नवऱ्या मुलाच्या गावी पोचली. कागदात छापून आलंय, मास्तरणीने वाचलंय, मग खोटं कसं असेल? लग्न मोडलं. यमुना माझ्या दारात आली. माझ्यावर संशय नव्हता तिचा. "वैनी, तू वाचलंस ना? तू सांग त्यांना, ती मी नाय. तुझं ऐकतील." मी पाखडत होते, हातातलं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाले, "तोंड दिसत नव्हतं ग. मी कसं सांगू?"

तिने तोंडावर पदर ओढला. मग गेली.

त्याच श्रावणात देवळात पोथी लागली. बुवा सांगत होते — अंधारात दोरी पडलेली असते, माणूस साप म्हणून ओरडतो, घाम फुटतो त्याला. दिवा आणला की साप नाही. मग साप गेला कुठे? तो नव्हताच कधी. आपल्याला दिसतं ते सगळं असं तपासून घ्यावं, फार जुन्या काळच्या शहाण्या माणसांनी हे सांगून ठेवलंय, म्हणाले. सगळं गाव माना डोलावत होतं. काशीकाकीसुद्धा. यमुना मागे, खांबाला टेकून बसली होती.

दिवा ज्याच्या हातात आहे आणि तरी जो तो हाताने झाकून उभा आहे, त्याचं काय, ते बुवांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. तेव्हा उठून चार शब्द बोलता आले असते. सगळे समोरच होते. मी प्रसाद घेतला आणि घरी आले.

आता नातीच्या मोबाइलवर दिवसभर फोटो येतात. कुणी कुणाला मारलं, कुणी काय चोरलं. ती विचारते, "आजी, हे खरं असेल का ग?" मी म्हणते, खाली काय लिहिलंय ते बघ, कुणी लिहिलंय ते बघ, मग बोल. तिला वाटतं, आजी शहाणी आहे.

यमुनेला करंजा गावाकडच्या एका बिजवराला दिली. वयाने बापाएवढा. त्याची पोरं तिने वाढवली, त्याचं आजारपण काढलं. माहेरी फार आली नाही. आली की आमच्या अंगणातून न बघता जायची. कळलं होतं का तिला? मला माहीत नाही. वारली, तेव्हा मी गेले नाही.

फोटोतल्या बाईचं नाव सखू होतं. गाव घाटावरचं. अजून पाठ आहे.

ती यमुना नव्हती. गावात हे दोघींनाच माहीत होतं — यमुनेला आणि मला.