सिद्धव्वाचं पाणी

सिद्धव्वा मला पहिल्यांदा दिसली ती पाण्याच्या टँकरवर चढून आत काठी घालताना. खाली ड्रायव्हर वैतागून उभा होता. "भरलाय म्हंतोय. मला न्हाय पटत," ती म्हणाली आणि काठी वर काढून मला दाखवली. काठी निम्मीच ओली होती.

सोलापुरातल्या एका जुन्या डांबरी रस्त्याचं काम होतं. खड्ड्यांनी खिळखिळं झालेलं डांबर वरून खरवडायचं, झाडून साफ करायचं आणि त्यावर काँक्रीटचा थर द्यायचा. मी ठेकेदाराचा इंजिनिअर. सिद्धव्वा दुधनीकडची, पन्नाशीची, घरी कानडी बोलणारी. नव्या काँक्रीटवर पोती अंथरून ती दोन आठवडे ओली ठेवायची, हे तिच्या टोळीचं काम. त्यात कसूर झाली की काँक्रीट तडकतं.

तिचा कुणावरच विश्वास नव्हता. भाकरी खायलाही ती रस्त्याकडे तोंड करून बसायची. पाठ वळली की पोतं जातं, म्हणायची. मी खरंच शिकलेला आहे की ठेकेदाराचा मेहुणा, याची चौकशी तिनं पहिल्याच आठवड्यात केली होती. पुढे मात्र, का कोण जाणे, माझं नाव निघालं की म्हणायची, "ह्यो सायेब म्हंतोय म्हंजी आसंल."

एकच सूट ती घ्यायची. त्या भागात नळाला पाणी काही दिवसांआड. पोती भिजवून झाली की टँकरच्या तळाचं पाणी ती गल्लीतल्या बायांना घागरभर द्यायची. तिथंही संशय होताच. एका घरातून दोघी आल्या की एकीला परत पाठवायची.

आता जे सांगायचं राहिलंय ते. सकाळी टाकलेलं काँक्रीट संध्याकाळपर्यंत ठरावीक अंतरावर कटरनं कापावं लागतं. नाही तर ते आकसताना वाटेल तिथं तडकतं. त्या दिवशी दुपारी कटरचं पातं तुटलं. दुसरं आणायला हवं होतं. पण साडूची वास्तुशांत होती, बायकोचे तीन फोन येऊन गेले होते. उद्या कापू, असं कटरवाल्याला सांगून मी जेवायला गेलो. सिद्धव्वाची टोळी तेव्हा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होती.

सकाळी रस्त्यावर वेड्यावाकड्या भेगा होत्या.

वरचे साहेब पाहणीला आले. कुणीतरी घागरींचा विषय काढला. अहवालात मी लिहिलं की पाणी मारण्यात हयगय झाली. घागरींचा उल्लेख केला नाही, याचं तेव्हा मला चक्क बरं वाटलं होतं.

टोळीला काढून टाकलं. जाताना सिद्धव्वा माझ्याकडे आली. "सायेब, कटर येळेवर चालला व्हता का?"

"चालला होता."

तिनं वाकून भेगेवरून बोट फिरवलं. "मग माजंच पाणी कमी पडलं आसंल," म्हणाली.

त्यानंतर तिला शहरात पाण्याच्या कामावर कुणी घेतलं नाही. ठेकेदार एकमेकांना सांगतात. मला हे कळत होतं, तरी खरं न सांगता मी सहा वर्षं काढली.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या गावी गेलो. ती दारातच बसली होती, थकलेली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पातं, साडू, अहवाल. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "जेवायला काय व्हतं?"

"पुरणपोळी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मग तिचे डोळे बारीक झाले. "आन आता कशाला सांगाय आलाय? कुनी पाटवलंय तुमाला?"

कुणी नाही, म्हटलं. माझ्याच मनाला खात होतं.

"मी कशावर अंगटा देणार न्हाय."

माझ्याकडे कसला कागद नाही हे दाखवायला मी पिशवी उघडली. आत तिच्यासाठी आणलेलं लुगडं होतं. ते पाहून तर मला कुणीतरी पाठवलंय याची तिची खात्रीच पटली. "घिऊन जावा त्ये," म्हणाली आणि भिंतीला धरून उठली. मी फाट्याला वळेपर्यंत ती दार अडवून उभी होती.