जुना क्रँक, तिसरं चक्र

बाबांची सायकल परदेशी बनावटीची, पायडलपाशी दोन दातेरी चक्रांची. बदली झालेल्या एका इंजिनिअरकडून त्यांनी ती माझ्या जन्माआधी घेतलेली. सत्तरी उलटल्यावर धनजच्या शेताकडचा चढ गुडघ्यांना झेपेना, पण सायकल सोडवेना. पुढे तिसरं, लहान चक्र लावलं तर चढ हलका होईल म्हणून मी ती जीपवर टाकली आणि आम्ही कामरगावच्या मिस्त्रीकडे गेलो.

त्याने क्रँकवरचं, म्हणजे पायडलच्या दांड्यांसकट त्या चक्रांवरचं, ग्रीस चिंधीने पुसलं आणि कोरलेली अक्षरं दोनदा वाचली.

"बाबा, हा क्रँक मले द्या. बदल्यात तीन चक्रांचा नवा सेट फुकट बसवून देतो."

बाबा माझ्या कानाशी आले. "जुनं घेऊन नवं देऊन राह्यला. काहून?"

मलाही ते खटकलं. पितळेचं सोनं निघालं की काय, असं काहीबाही मनात आलं.

"यालेच भोकं पाडून चक्र लावा," बाबांनी सांगितलं.

"मंग ठेवून जा. चार दिवसांनी या."

"नाई. मी इथंच बसतो."

ते दिवसभर स्टुलावर बसले. मिस्त्रीने आतल्या चक्राला पाच भोकं पाडली, त्यावर लहान चक्र आवळलं. चेन फ्रेमला घासू नये म्हणून चक्रांमधून जाणारा अक्ष लांब हवा होता. तो जुळवायला मिस्त्री क्रँक घेऊन आत निघाला, तसे बाबा उठून मागोमाग गेले. परत आल्यावर क्रँक बदलला तर नाही ना, म्हणून त्यांनी अक्षरं वाचून पाहिली. मिस्त्रीने मान खाली घालून अक्ष बसवला.

पंधरा दिवसांनी बोल्ट आवळून घ्यायला मी एकटाच गेलो. पाणी प्यायला आत शिरलो तर भिंतीवर तशीच सायकल टांगलेली, क्रँकच्या जागी नुसतं भोक.

"माह्या बापाची," तो म्हणाला. "दूध वाहे यावर. क्रँक तुटला, दुसरा कुठीच भेटला नाई."

घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "बापाचीच हाये, हे कायवरून?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः बसने जाऊन आले. चपला काढता काढता म्हणाले, "खरं हाये. कॅरिअरच्या दोन्ही बाजूले कॅन घासल्याचे वण हायेत."

"मग देता का क्रँक?"

"मी चालवतो तवर नाई," ते म्हणाले. "त्याले तसं सांगून आलो."