बोंबलाच्या बादलीतला चष्मा

वेखंड चाखून बघितलंय कधी? मी बघितलं, पण फार उशिरा. कडू, तिखट, आणि मागाहून जुन्या ट्रंकेत कोंडलेल्या सतरंजीची चव. ही घाण मी रोज सकाळी माझ्या मुलीच्या जिभेवर घासत होतो.

मुलगी साडेतीन वर्षांची, बोलत नव्हती. डॉक्टरांनी कान तपासले, ठणठणीत निघाले. "शब्द यायला वेळ लागेल. तोवर तिच्याशी भरपूर बोला," म्हणाले. आम्ही भरपूर बोललो, पण तिच्याशी नाही, तिच्याबद्दल. वाकोल्यातल्या आमच्या घरी जो येई तो तिच्या तोंडाशी तोंड नेऊन, थुंकी उडवत, "काका म्हण, काका!" करी. ती गप्प राहिली की तिच्यासमोरच मला विचारी, "हिला काही कळतं का रे?" मला शिसारी यायची. आणि त्याच माणसाला मी चहा पाजायचो, बिस्किटांसकट.

त्यात बालवाडीच्या बाईंनी बजावलं, "नाव विचारलं की ही भिंतीकडे बघते. सूचनाच कळत नसतील तर कशी ठेवू? सोमवारी शेवटचं बघते."

मग कोकणातून आलेल्या आत्याचं ऐकून मी वेखंड उगाळायला घेतलं. तिचं म्हणणं, "चेडवाच्या जिभेर लाव रे, धडाधड बोलतला."

रविवारी आत्या मोरीत ओले बोंबील साफ करत होती. आतडी काढता काढता, कोपरापर्यंत बुळबुळीत झालेला हात माझ्याकडे नाचवत ओरडली, "आज दोनदा लाव! आणि चष्मो घाल, काल नाकाक लावलंस!"

खरं होतं ते. मुलगी शेजारीच बाटल्यांची झाकणं मांडत बसली होती. तिच्यापासून काय लपवायचं?

दाढी करून आलो तोवर आत्या साफ केलेले बोंबील घेऊन ओट्याशी गेली होती. बघतो तर वेखंड नाही. सहाण नाही. शोधायला चष्मा घ्यावा तर चष्माही नाही.

"उंदीर," मी निकाल दिला.

"उंदराक सहाण कित्याक होई? चटणी वाटूक?"

मी कपाटाखाली आडवा पडून शोधत होतो, तेवढ्यात बायको बाजारातून आली. काय काय हरवलंय ते आत्याकडून ऐकलं, मुलीपुढे उकिडवी बसली आणि सरळ विचारलं, "कुठे ठेवलंस गं?"

मुलीने तिचं बोट धरलं आणि मोरीतली बादली दाखवली. बोंबलाची डोकी, आतडी, वर घोंघावणाऱ्या माश्या.

"घाल हात," बायको म्हणाली. ती मला म्हणाली, हे सांगायला नको.

घातला. कोपरापर्यंत. आधी चष्मा हाताला लागला, मग वेखंड, तळाशी सहाण. एकही वस्तू चुकली नव्हती. मुलगी माझ्याकडे असं बघत होती, जसे आमचे पाहुणे तिच्याकडे बघायचे: ह्याला काही कळतं का?

सोमवारी बालवाडीत तोच चष्मा नाकावर होता, साबणाने घासूनही वास मारत. बाईंनी तिच्यासमोरच सुरू केलं, "हिला सूचना..."

"बाई, जपून बोला," मी म्हटलं. "तुमची पर्स कुठे आहे?" आणि बादलीचं सगळं सांगितलं.

बाईंनी पर्स मांडीवर घेतली. मग पहिल्यांदाच, नाव न विचारता, तिच्याकडे वळून म्हणाल्या, "चपला काढ आणि लाल चटईवर जाऊन बस बघू."

तिने चपला काढल्या, भिंतीला नीट लावल्या आणि लाल चटईवर जाऊन बसली. मग वळून बाईंच्या पर्सकडे बघत राहिली.