एजंटला समजेल असं

अंबरीशने भर ऑफिसात विशाखाला माफी मागायला लावली, त्याच दिवशी तिने मनाशी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

बिलोलीची विशाखा नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनीअर झाली आणि लातुरात औसा रोडवरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. कंपनी शेतमालाच्या गोदामांचं काम करायची. नुकताच त्यात एआय एजंट बसवला होता. शेतकऱ्याने फोनवर विचारावं आणि एजंटने हाताशी दिलेल्या टूलांतलं, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमांतलं, योग्य ते वापरून काम उरकावं, असा बेत. पण कोणतं टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी हात लावायचा नाही, हे त्याला लिहून द्यावं लागतं. लिहिलंय त्यावरच तो चालतो.

टीमचा प्रमुख अंबरीश. त्याला लिहायचा कंटाळा. एका टूलपुढे त्याने ‘नोंद साफ करते’ एवढंच खरडलं होतं. एका शेतकऱ्याने नावातली चूक साफ करायला सांगितली, तर एजंटने त्याची अख्खी नोंदच पुसली. बोंबाबोंब झाली. मालक रेणुकादास जाब विचारायला आले, तेव्हा अंबरीशने विशाखाकडे बोट दाखवलं. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “सवलतीवर आलेल्यांकडून आणखी काय होणार?”

तिचे कान तापले. घरी हप्ते होते, नोकरी हवी होती. तिने माफी मागितली, त्याच्या बुटांकडे बघत.

शिक्षा म्हणून तिचं कोडिंग काढून घेतलं. “टूलांची माहिती लिहीत बस,” अंबरीश म्हणाला. “एजंटला समजेल असं स्वच्छ लिही.”

सुरुवातीला तिच्या डोक्यात नुसतं विष होतं. एखादं वाक्य उलटं लिहिलं की एजंट सगळ्या गोदामांचा डेटा उडवील आणि अंबरीश गोत्यात येईल. तसं वाक्य तिने टाइप केलंसुद्धा. मग पुसलं. माल शेतकऱ्यांचा, त्यात तेच मेले असते.

पुढे तिच्या हाती ‘फेररीडिंग’ लागलं. टूल खुद्द अंबरीशचं, माहिती एका ओळीची: ‘ओलाव्याचं रीडिंग सुधारते.’ तिने आतला कोड वाचला आणि खुर्चीत ताठ झाली. पुन्हा मोजणं कुठे नव्हतंच. माल तोलून शेतकरी निघून गेला की गोदामाच्या मॅनेजरने ओलाव्याचा आकडा वाढवायचा. ओलावा जास्त, की वजनात घट जास्त; घटीतला माल मॅनेजरच्या घशात.

कोयत्याला धार लावावी तशी ती एकेक शब्द घासत बसली. ‘हे टूल माल न मोजता ओलाव्याचा आकडा बदलते. त्यामुळे शेतकऱ्याच्या नावावरचे वजन कमी होते. त्याला निरोप जात नाही. त्याच्या संमतीशिवाय वापरू नये. विचारल्यास आकडा कोणी, कधी बदलला ते सांगावे.’ खाली नियमाप्रमाणे बनवणाऱ्याचं नाव. एक अक्षर खोटं नव्हतं.

“सर, एकदा वाचून घ्या,” ती अंबरीशला म्हणाली.

“मला तेवढंच काम आहे का?” म्हणत त्याने ‘ओके’ दाबलं.

महिन्याभराने किल्लारीकडच्या शेतकरी कंपनीच्या अध्यक्षा धुरपताबाई करारासाठी आल्या. त्यांचं स्वतःचं सोयाबीन आधीच एका गोदामात पडलं होतं. रेणुकादास, सगळी टीम, कॉफी. अंबरीशने फोन त्यांच्या हाती दिला. “मावशी, बिनधास्त विचारा.”

“माझं सोयाबीन तोलताना लई भरलं व्हतं,” धुरपताबाई फोनला म्हणाल्या. “पावतीवर कमी कसं आलं रं?”

एजंट शांतपणे बोलू लागला. “माल तोलल्यावर त्याच संध्याकाळी गोदाम मॅनेजरने ‘फेररीडिंग’ टूलने ओलाव्याचा आकडा वाढवला. माल पुन्हा मोजलेला नाही. म्हणून वजन कमी लागलं. तुम्हाला तसं कळवलेलं दिसत नाही.”

“आन् ह्ये टूल कुणाचं हाय?”

एजंटने अंबरीशचं पूर्ण नाव सांगितलं.

अंबरीश पांढराफटक पडला. “कुणी लिहिलं हे?”

“मी,” विशाखा म्हणाली. “मंजूर तुम्ही केलंत, सर.” या वेळी ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती.

धुरपताबाई तिथून थेट पोलिसांत गेल्या. मॅनेजरकडून अंबरीशला काय मिळायचं तेही बाहेर आलं. रेणुकादासांनी त्याला काढलं, पण गोदामांची कामं एकेक करून तुटली आणि ऑफिसला कुलूप लागलं. शेजारच्या टेबलावरच्या मनस्विनीचीही नोकरी गेली. तिचा फोन आला. “त्याला बुडवलंस ते बेस केलंस. पण मला आधी सांगायचंस की गं.” तेवढं एक अजून विशाखाला टोचतं.

आता ती नांदेडला टूलांची माहिती लिहायचं हेच काम करते. मध्ये अंबरीशने फोन केला होता, त्याच्यावरच्या खटल्यात जबाब जरा मऊ कर म्हणून. आवाज रडवेला होता.

“नोंद पुसली गेली ती चूक कुणाची होती, ते ऑफिसातल्या त्या सगळ्यांसमोर सांगा. मग बघू,” ती म्हणाली.

पलीकडून फोन कट झाला.

साक्षीची तारीख लागली तेव्हा तिने रजा टाकली, कडक इस्त्रीचा ड्रेस घातला आणि पहिल्या बसने लातूर गाठलं. कोर्टाच्या व्हरांड्यात जाता-येता अंबरीशला आपलं तोंड दिसलंच पाहिजे, असा बाक धरून ती बसली.