एक्केचाळिसावा कॉल

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणाऱ्यांतली. म्हणूनच हे लिहायला दोन वर्षं लागली...

रत्नागिरीत मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीचं कॉल सेंटर सुरू व्हायचं होतं. सगळे कॉल इंटरनेटवरून. एका वेळी किती कॉल येतील, त्यांच्या रेकॉर्डिंगसकट सर्व्हर केवढा लागेल – हा अंदाज काढायचं काम माझं. फोन करणाऱ्याला बिझी टोन मिळता कामा नये, एवढीच अट.

बिझी टोन... माझा दादा बोटीवर नोकरीला होता. शेवटच्या दिवशी त्याने आईला फोन लावला – बिझी. मग मला – बिझी. कारण आम्ही दोघी एकमेकींशीच बोलत होतो, पातोळ्यांना हळदीची पानं कुठून आणायची यावर! मिस्ड कॉल नंतर दिसले. त्याच दिवशी तो डेकवरून पडला. सापडलाच नाही.

त्याला सात महिने झाले होते. दुपारचे तीन वाजलेले, आमची टेस्ट चालू. बाहेरची इंटरनेट लाइन अजून आलीच नव्हती. सर्व्हरला जोडलेला एकच दुसरा कॉम्प्युटर, तो खोटे कॉल पाठवत होता. एका वेळी जास्तीत जास्त चाळीस, अशी मर्यादा मीच घातलेली. प्रोसेसर निम्मासुद्धा वापरला जात नव्हता, मी खूश. तेवढ्यात शेजारी बसलेली माझी सहकारी कीर्ती म्हणाली,

"मॅडम, एक्केचाळीस कसे दाखवतंय?"

खोट्या कॉलमध्ये नुसता एक सूर वाजतो. मी हेडफोन लावून तो जादाचा कॉल उघडला. खरखर... वारा... आणि –

"बाय, आयकू येतंय काय गो?"

मला 'बाय' म्हणणारा जगात एकच माणूस होता.

"दादा! येतंय, बोल ना –"

"हॅलो? बाय? आयकू येतंय काय?"

"दादा, मी इथेच आहे रे! त्या दिवशी आम्ही दोघी बोलत होतो, म्हणून नाही लागला... दादा!"

"तुझं कायच आयकू येत नाय गो..." मग म्हणाला, "बरं, मागाहून करतो."

स्क्रीनवर पुन्हा चाळीस.

कीर्तीला आवाज ऐकू आला नव्हता, पण आकडा तिनेच आधी पाहिला होता. आम्ही रेकॉर्डिंगच्या फायली मोजल्या. चाळीसच. प्रत्येकीत तोच सूर. दोन्ही मशीन नवीन, दादाचा आवाज त्यांच्यात असायचं कारणच नव्हतं. मी सगळं तीन-तीनदा तपासलं.

आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. आठवडाभराने सांगितलंच. ती तांदूळ निवडत होती. रडली नाही. हात थांबवून एवढंच म्हणाली,

"जेवलाय काय, विचारलंस?"

नव्हतं विचारलं.

तो एक्केचाळिसावा कॉल कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. आणि एवढं साधं मी कसं विचारलं नाही, तेही.