अर्धी घासलेली होडी

हार्डनर मी आजवर एकदाही अंदाजाने ओतलेला नाही. जेलकोट म्हणजे फायबरच्या होडीवरचा बाहेरचा गुळगुळीत थर. तो घट्ट व्हावा म्हणून त्यात किलोमागे वीस ग्रॅम हार्डनर घालावा लागतो. ऊन कडक असेल तर थोडा कमी, पण तोही काट्यावर मोजून.

माझं घर कामतघरला, शेड अंजूरला खाडीकाठी. शेजारची शेड चुलतभावाची. अंजूर गावातल्या एका हळदीत, मांडवात बसलेल्या सगळ्या होडीवाल्यांसमोर तो म्हणाला की मी हार्डनर नुसत्या नजरेने ओततो, म्हणून माझ्या होड्यांचा थर वर्षभरात भुकटी होऊन निघतो. लोक हसले. मी ताटावरून उठलो. त्या मोसमात माझ्याकडे कोणी होडी बांधायला आलं नाही. ते मी विसरलो नाही.

पुढच्या वर्षी गावातलाच एक मासेमारी करणारा त्याची होडी घेऊन माझ्याकडे आला. होडी चुलतभावाने बांधलेली. मजबूत दिसावी म्हणून त्याने जेलकोट जाड थापला होता. जाड थर तडकतो. सगळ्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. तक्रार केली तेव्हा चुलतभावाने त्यालाच वेड्यात काढलं होतं.

"परवा पाण्यात उतरायचं हाय," होडीचा मालक म्हणाला. "होईल तेवढं करून दे."

दोन दिवसांत एकच बाजू होणार होती. मी नाकापासून मागच्या फळीपर्यंत बरोबर मधोमध टेप मारली. उजवीकडच्या भेगा पुट्टीने बुजवल्या, पाणी आत जाऊ नये म्हणून, आणि ती बाजू तशीच ठेवली. डावीकडचा जुना थर घासून काढला, नवा जेलकोट फवारला. उघड्या हवेत तो वरून चिकट राहतो म्हणून शेवटच्या हातात मेण मिसळलं. सुकल्यावर पाणी मारत आधी चारशे, मग आठशे, मग बाराशे नंबरचा घासायचा पेपर चालवला आणि मशीनने पॉलिश केलं. टेप काढली तेव्हा एका बाजूत माझा चेहरा दिसत होता. दुसरी बाजू पुट्टीच्या तपकिरी रेघांनी भरली होती.

होडी धक्क्याला लागली, ती चुलतभावाच्या शेडसमोरच. येणारा-जाणारा थांबून विचारायचा. मालक सांगायचा, "ही याची, ती त्याची." मोसम संपल्यावर मी दुसरी बाजू करायला तयार होतो. मालकच म्हणाला, "राहू दे. लोकांना बघू दे."

त्यानंतर माझ्याकडे कामं येऊ लागली. चुलतभावाने आधी काकूकडून निरोप पाठवला. मी उत्तर दिलं नाही. मग एका दुपारी तो स्वतः शेडमध्ये आला. मी काट्यावर हार्डनर मोजत होतो.

"पुरे झालं आता," तो म्हणाला. "दुसरी बाजू पण करून टाक. सामान माझं."

"करतो," मी म्हणालो. "गावात पुढची हळद असेल तेव्हा मांडवात उभा राहून सांग, मी हार्डनर कसा मोजतो ते. त्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू."

त्याने काट्यावरचा आकडा बघितला आणि निघून गेला.

त्यानंतर गावात कितीतरी हळदी झाल्या. प्रत्येक हळदीला मी जातो, त्याच्या समोरच बसतो आणि पोटभर जेवतो. तो अजून मांडवात उभा राहिलेला नाही. महिन्यातून एकदा मी धक्क्यावर जातो आणि होडीच्या डाव्या बाजूला पुन्हा पॉलिश मारतो.