समोरच्या टॉवरचं ऊन

पुण्याची माणसं दिल्लीकडे घर घ्यायला निघतात ती मे महिन्याच्या सुट्टीत, आणि तिथेच फसतात. आम्हीही गाझियाबादचा हा फ्लॅट मे महिन्यातच पाहिला. बाहेर भट्टी पेटली होती, आत मात्र छान गारवा. दलाल म्हणाला, "मॅडम, नॉर्थ फेसिंग है. धूप का टेन्शन ही नहीं." आम्ही नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि दुसरं घर न बघताच होकार देऊन मोकळे झालो. ज्या घरात मे महिन्यात ऊन येत नाही त्यात डिसेंबरातही येणार नाही, ही गोष्ट दोन शिकल्यासवरल्या डोक्यांना सुचली नाही. घर एकाच बाजूला उघडणारं. हॉलची बाल्कनी उत्तरेला, स्वयंपाकघराची बाल्कनीही उत्तरेला, आणि दोन्हींच्या समोर दुसरा टॉवर.

पहिल्याच डिसेंबरात डोळे उघडले. सोसायटीतली मंडळी सकाळी दहाला खुर्च्या, संत्री आणि विणकाम घेऊन खाली उन्हात बसायची, आणि आम्ही घरात पायमोज्यांचे दोन-दोन जोड चढवून फरशीवर टाचा न टेकवता चालायचो. पुण्याहून मावशीचा फोन यायचा, "तिकडे बर्फ पडतो का गं?" मी म्हणायचे, "बाहेर नाही पडत. आमच्या बेडरूममध्ये पडेल बहुतेक."

तेव्हापासून दिवाळीचे कंदील उतरले की मी थंडीच्या तयारीला लागते. मला याद्या करायची खोड आहे. नवरा म्हणतो की मी स्वर्गात गेले तरी आधी यादी मागेन. पण तीन वर्षांपूर्वीची तयारी नेहमीसारखी नव्हती, कारण त्या हिवाळ्यात बाबा यायचे होते.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा पुण्यात एकटे. वय शहात्तर, रात्री रोज मुगाची खिचडी, आणि फोनवर कायम "उत्तम चाललंय." त्या उन्हाळ्यात ते बाथरूममध्ये घसरून पडले, आणि मला ते आठ दिवसांनी शेजारच्या काकूंकडून कळलं. मी रागाने फोन केला तर म्हणाले, "पडलो आणि उठलो, त्यात सांगण्यासारखं काय आहे?" त्यांनी आमच्याकडे राहायला यावं म्हणून मी दोन वर्षं मागे लागले होते. त्यावर त्यांचं एकच उत्तर, "बघू." शेवटी पानिपतला घेऊन जाते, लढाईच्या जागचं काला अंबचं स्मारक दाखवते असं आमिष दाखवलं तेव्हा ते दिवाळीनंतर पंधरा दिवस यायला तयार झाले. परतीचं तिकीट स्वतःच काढून मोकळे झाले. मी मनाशी ठरवलं, या पंधरा दिवसांत घर इतकं उबदार करायचं की त्यांना परतीची आठवणच येऊ नये.

मग काय, कंबरच कसली. बेडच्या पेटीतून रजया काढल्या, गच्चीवर नेऊन त्यांना ऊन दाखवलं. दोन ऑइल हीटर आणले. फरशीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंज्या. डिंकाचे लाडू केले. खिडक्यांना जाड पडदे लावले आणि प्रत्येक फटीत फोमची पट्टी चिकटवली. स्वयंपाकघराच्या बाल्कनीचं दार सगळ्यात वाईट, त्याच्या खालून वारा नुसता शिट्टी मारायचा. त्या बाल्कनीत झाडू आणि रिकाम्या कुंड्यांशिवाय काही नव्हतं, म्हणून ते दार मी चहूबाजूंनी पट्टी लावून बंद केलं आणि वर एक जुनी रजई खिळ्यांना टांगली. नवरा शिडी धरून उभा होता. म्हणाला, "बाबा येतायत की शत्रू?"

मी म्हटलं, "पानिपतला आपली माणसं थंडीची तयारी न करता आली होती. आपल्याकडून ती चूक नको."

बाबा आले ते एक अर्ध्या बाह्यांचा स्वेटर आणि मफलर घेऊन. "पुण्यातही थंडी असते," असं स्टेशनवरच ऐकवून झालं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या अंगावर जावयाचे दोन स्वेटर होते. सहाव्या दिवसापर्यंत ते हीटरसमोर खुर्ची घेऊन बसायला लागले, आणि बसूनच राहायला लागले. बाबा आयुष्यभर भूमापन खात्यात होते. रानोमाळ हिंडून जमिनी मोजलेला माणूस. पुण्यात रोज सकाळी पर्वती चढणारा. तो माणूस बंद पडद्यांआड ट्यूबलाइट लावून कालचाच पेपर चाळत होता. माझ्या लेकीने, ती तेव्हा दहा वर्षांची होती, मला हळूच विचारलं, "आई, आबा नाराज हैं क्या?" मी म्हटलं, नाही गं, थंडी वाजतेय त्यांना. आणि हीटर एक आकडा वाढवला.

आठव्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "तिकीट चार दिवस अलीकडचं मिळतंय का बघ."

मी "बघते" म्हटलं, ताट उचललं आणि सिंकचा नळ सोडून तिथे रडले. राग आला होताच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. एवढं करूनही माझं घर त्यांना पंधरा दिवस सोसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर स्वयंपाकघर गारठलेलं. बाल्कनीच्या दारावरची रजई उतरवून नीट घडी घालून ठेवलेली. चारही बाजूंची पट्टी सोलून काढलेली आणि तिची सुबक गुंडाळी ओट्यावर, मिक्सरशेजारी. तो दरवाजा सील करायला मला अख्खा रविवार लागला होता. मी पर्स खांद्यावरून न काढताच सुरू झाले. "बाबा, हे काय केलंत? तुम्हाला इथे राहायचंच नसेल तर तसं सांगा ना सरळ. माझ्या कामाची अशी वाट कशाला लावताय?"

बाबा माझ्यावर कधीच ओरडत नाहीत, हा त्यांचा सगळ्यात वाईट गुण आहे. ते म्हणाले, "घर उबदार आहे गं. पण दिवस कधी उगवला आणि कधी मावळला, तेच कळत नाही इथे. तुझी आई गेल्यापासून माझे दिवस आधीच एकसारखे झालेत. निदान उजाडलेलं तरी दिसू दे."

मी पोळ्या लाटायला घेतल्या. थोड्या वेळाने ते दारात येऊन म्हणाले, "उद्या दुपारी पावणेतीनला घरी असशील?"

"का?"

"असलीस तर दाखवतो."

दुसऱ्या दिवशी मी घरून काम घेतलं. पावणेतीनला एका मीटिंगमध्ये माझा कॅमेरा बंद करून स्वयंपाकघरात गेले. बाबा बाल्कनीत, रिकाम्या कुंड्यांच्या मधोमध, लेकीच्या अभ्यासाच्या खुर्चीवर बसले होते. आणि त्यांच्या गुडघ्यांवर ऊन होतं. खरंखुरं, पिवळं, चांगलं चादरीएवढं ऊन. मी आकाशाकडे पाहिलं, तिकडे काही नव्हतं. बाबांनी पेन्सिलीने समोर दाखवलं. पलीकडच्या टॉवरमध्ये, आमच्याहून दोन मजले वर, एका खिडकीच्या काचेवर उन्हाळ्यात ऊन परतवायची चकचकीत फिल्म लावलेली होती. दुपारी कलता सूर्य त्या काचेवर पडत होता आणि काच त्याला आमच्याकडे धाडत होती. आम्ही इथे आल्यापासून पाच वर्षं हे ऊन हिवाळ्यात रोज आमच्या दारापर्यंत येत होतं, आणि दर वर्षी मी ते दार बंद करून बसत होते.

तेवढ्यात लेक शाळेतून आली आणि दप्तरासकट बाल्कनीत घुसली. "आबा, धूप! अपने घर में!"

"कवडसा म्हणतात त्याला," बाबा म्हणाले आणि तिला मांडीवर घेतलं.

तीन वाजायच्या आत समोरची ती खिडकी कुणीतरी आतून ढकलून उघडली आणि ऊन गेलं. बाबांचा चेहरा लहान मुलासारखा पडला. मग त्यांनी मजले मोजले, डावीकडून खिडक्या मोजल्या, पेन्सिल कानामागे खोचली आणि चपला शोधायला लागले. मी म्हटलं, "बाबा, अहो, लोकांच्या दारात जाऊन काय सांगणार? खिडकी बंद ठेवा म्हणून?" ते म्हणाले, "हो." दुभाषा म्हणून नातीला बरोबर घेतलं. लाजेने मी घरीच थांबले आणि मीटिंगमध्ये परत गेले. कोण काय बोलत होतं ते मला आजही माहीत नाही.

दीड तासाने दोघं मठरीचा, म्हणजे इकडच्या खाऱ्या पुऱ्यांचा, डबा घेऊन परतली. लेकीने सगळं साभिनय सांगितलं. त्या घरात बाबांच्याच वयाच्या एक पंजाबी आजी एकट्या राहतात. फिल्म त्यांच्या मिस्टरांनी लावली होती, ते आता नाहीत. दुपारी स्वयंपाकघराचा वास जायला त्या खिडकी उघडतात. बाबांनी हातवारे करून सगळी भूमिती समजावली तेव्हा त्या बराच वेळ हसल्या आणि म्हणाल्या, "भाई साहब, धूप तो मेरी है नहीं, बस शीशा मेरा है. आप बैठिए आराम से, मैं चार बजे के बाद खोल लूँगी." दुसऱ्या दिवशी पाहिलं तर खिडकीची मूठ त्यांनी पायजम्याच्या नाडीने बांधून टाकली होती.

मग रोजचाच क्रम झाला. अडीचला बाबा चटई अंथरायचे, खुर्ची मांडायचे, पेपर घेऊन बसायचे. जेमतेम पंचवीस मिनिटांचा कार्यक्रम. ऊन सरकलं की त्याच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीची बारीक खूण आणि शेजारी तारीख. धुकं असलं की समोरच्या आजी खिडकीतून दोन्ही हात हलवून "आज नाही" असं सांगायच्या. मी ऑफिसातून फोन करायचे तेव्हा "जेवलात का?" ऐवजी "आलं होतं का?" असं विचारायचे. तिकीट अलीकडचं घ्यायचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ते जावयाला म्हणाले, "ते तिकीट रद्द करून टाका. रीडिंग अर्धवट राहतील."

नाताळच्या सुमारास ऊन एका बाजूला सरकत सरकत थांबलं आणि उलटं फिरलं. जुन्या खुणांवरूनच परत जायला लागलं. बाबांनी प्रत्येक खुणेशेजारी दुसरी तारीख घातली आणि नातीला संत्रं आणि टॉर्च घेऊन सगळं शिकवलं. संक्रांतीला आम्ही काला अंबला गेलो. तिथे बाबा स्मारकासमोर टोपी काढून पुष्कळ वेळ उभे राहिले, आणि परतताना गाडीत पहिलं वाक्य बोलले ते असं, "आजचं रीडिंग बुडालं."

जानेवारी संपता संपता ऊन बाल्कनीच्या कोपऱ्यातून बाहेर पडलं. तेव्हा बाबांनी पेन्सिल खिशात ठेवली. "काम झालं. आता निघतो," म्हणाले. मला ते फार लागलं. म्हणजे ते माझ्यासाठी थांबले नव्हते, पंचवीस मिनिटांच्या उन्हासाठी थांबले होते. स्टेशनवर मी विचारलं, "पुन्हा कधी येणार?"

"बघू."

घरी येताना नवऱ्याने शहाणपणा करून रेडिओ लावला नाही.

होळीनंतर थंडीचं सामान आवरायला काढलं. रजया पेटीत गेल्या, सतरंज्या धुतल्या, हीटरवर जुन्या चादरी बांधल्या. शेवटी बाल्कनी. चटई गुंडाळली, बाबांची खुर्ची उचलली, आणि तिच्या मागे, अगदी कोपऱ्यात, त्यांची शेवटची खूण दिसली. बाकीच्या बहुतेक खुणांना दोन-दोन तारखा होत्या. हिला एकच होती, जानेवारीअखेरची, आणि दुसऱ्या तारखेच्या जागी त्यांच्या नकाशावरच्या ठळक, सरळ अक्षरात लिहिलं होतं, "नोव्हेंबर, दुसरा आठवडा. ऊन इथून आत येईल. तोपर्यंत दाराला पट्टी लावू नये."

मी तिथेच कुंडीच्या काठावर बसले आणि फोन लावला. बाबांनी उचलला. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, खिचडीच असणार.

"बाबा, नोव्हेंबरचं तिकीट काढू का तुमचं? कोणत्या तारखेचं काढू?"

"भिंतीवर लिहिलंय की," बाबा म्हणाले. "दोन दिवस आधीचं काढ. खुर्ची मांडायला वेळ लागतो."